चढावरचा टँकर

त्या दुष्काळात टँकर वरच्या गल्लीतल्या विहिरीत ओतला जायचा, आणि खालच्या गल्लीतल्या साखराबाईची पाळी येईपर्यंत तळाला गाळच उरायचा. मग टँकरचं काम सिद्धरामकडं आलं. त्यानं नवी डिझेल पिकअप घेतली, तिला तीन हजार लिटरचा टँकर जोडला आणि पहिल्याच खेपेला गाडी खालच्या गल्लीसमोरच्या चढावर अडली. इंजिन गुरगुरलं, चाकं जागच्या जागी फिरली.

"लई वजन झालंय, सिद्धरामअण्णा. जरा हलकी करा की गाडी," साखराबाई घागर पुढं करत म्हणाली.

सिद्धरामनं नळ सोडला. सगळ्या खालच्या गल्लीच्या घागरी भरल्या आणि गाडी सरसर चढून गेली. पुढं महिनाभर रोज असंच झालं.

एके सकाळी वरच्या गल्लीतले आप्पासाहेब नव्या जिल्ह्याच्या मागणीचा अर्ज घेऊन साखराबाईच्या दारात आले.

"अंगठा द्या बाई. लातूरातून फुटून उदगीर जिल्हा झाला की पहिला हा चढ कापून डांबरी रस्ता करून घेतो."

साखराबाईनं पदराला हात पुसले आणि अर्ज परत केला.



"लातूरच बरं हाय, आप्पा."