गुरुजींचा कॉम्प्युटर

“उदगीर जिल्हा होईल, तेव्हा इतिहासात लिहिलं जाईल की त्याची सुरुवात या टेबलावरून झाली,” असं वसंतराव गुरुजी म्हणाले, आणि टेबलावरचा कॉम्प्युटर बंद पडला.

इतिहासाला काही झालं नाही. कॉम्प्युटरही आपोआप पुन्हा सुरू झाला. फक्त गुरुजींनी टाईप केलेल्या अर्जाच्या सात ओळी गेल्या.

अर्ज जिल्ह्यासाठी नव्हता, नळासाठी होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. इथं गल्लीला नळ नवव्या दिवशी यायचा, तोही तासभर. त्या तासात गल्लीतलं कुणीतरी नळाला मोटर लावून पाणी ओढत होतं. टोकाच्या घरात राहणाऱ्या चांगुणाबाईंच्या नळाला तेव्हा नुसती हवा यायची. मागच्या दोन पाळ्या त्यांना घागरभरही मिळालं नव्हतं. आज नळाचाच दिवस होता, आणि बारापर्यंत अर्ज पालिकेत पोचला तर पुढच्या पाळीला पथक येऊन घरोघर मोटर शोधणार होतं.

गल्लीत कॉम्प्युटर एकच. तो निवृत्त मुख्याध्यापक आणि गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष वसंतराव गुरुजी यांचा. मागच्या पाळीलाही अर्ज असाच अर्ध्यात राहिला. मधल्या आठ दिवसांत गुरुजींना ‘उदगीर जिल्हा व्हावा’ या मागणीच्या बैठका होत्या. शेवटी चांगुणाबाईच बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून बसवंतला घेऊन आल्या.

“ह्यो तुमचाच इद्यार्थी हाय गुर्जी. करंल नीट.”

“याला मी ओळखतो,” गुरुजी म्हणाले. “सातवीत शेजाऱ्याच्या वहीतलं गणित उतरवलं होतं याने. वर्गासमोर उभा केला होता. त्या दिवसापासून सुधारला.”

बसवंतचे कान लाल झाले. पंचवीस वर्षं झाली होती, दुकान होतं, दोन लेकरं होती, तरी गुरुजींसमोर त्याचे कान लाल व्हायचे.

त्याने कॅबिनेट उघडलं. ब्लोअरने धूळ उडवली. पंखा फिरत होता. रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवली. पिशवीतला दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहिला.

“सर, मधी मधी सेव्ह करत जा ना.”

“राहून जातं.”

“आन् यूपीएस?”

“त्याची बॅटरी कधीच गेली.”

“अवो, मंग हातानं लिवा की गुर्जी!” चांगुणाबाई उंबऱ्यावर बसून म्हणाल्या. “बारा वाजाया आले.”

“हातानं लिहिलेला अर्ज कचेरीत कोण वाचतं, बाई? लेटरहेडवर टाईप पाहिजे.”

गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली. ‘समाजाच्या हक्काचे पाणी चोरणाऱ्या नीच प्रवृत्तीचा’ इथवर आले, ट्यूबलाइट क्षणभर मंद झाली, आणि प्रवृत्तीसकट सगळं गेलं.

बसवंतने ट्यूबकडं पाहिलं. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा टीव्ही बिनघोर बोलत होता.

“लाइट तर फकस्त ह्याच घराची डीम व्हायलीय,” तो स्वतःशीच बोलला. मग हात दाखवून म्हणाला, “सर, हात लई काळे झाले. मागं धुवून येतो.”

“मागं कशाला? सौदामिनी, याला तांब्या दे गं!” गुरुजींनी बायकोला हाक मारली. पण आतून कुणी ओ दिली नाही, आणि बसवंत न्हाणीपर्यंत पोचलाही होता.

सौदामिनीकाकू पाइप हातात धरून उभ्या होत्या. दोन पिंपं काठोकाठ भरली होती, तिसरं भरत होतं. पायाशी गोधडीत गुंडाळलेली मोटर घुरघुरत होती. एक पिंप भरलं की मोटर बंद करायची, पाइप दुसऱ्यात टाकून चालू करायची, असं त्यांचं चाललेलं; आणि दर वेळी चालू होताना ती घरातली लाइट ओढून घ्यायची.

दोघंही एकमेकांकडं बघेनात.

“बसवंता,” त्या पदर तोंडाशी धरून पुटपुटल्या, “ह्यांना ठाऊक न्हाई रे. ह्यांच्या कानावर घालू नको. बाहेर तोंड दाखवायला जागा उरणार न्हाई त्यांना.”

“न्हाई सांगत काकू. बंद करा फकस्त.”

काकूंनी बटण बंद केलं. बसवंत हात न धुताच बाहेर आला.

“आता टाईप करा, सर.”

“सापडलं काय?”

“आतला एक पार्ट गरम होत होता.” गुरुजींशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला होता. सातवीतल्या त्या दिवशीसुद्धा त्याने खरं सांगितलं होतं. त्याची मान वर होईना.

गुरुजींनी टाईप करायला घेतलं. पाच ओळी झाल्या, दहा झाल्या, ट्यूब ढिम्म हलली नाही. गुरुजींची बोटं मात्र हळूहळू मंदावत गेली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून चांगुणाबाईंच्या सुनेची हाक आली.

“आत्याबाई! नळाला पाणी आलं! धार लागलीय!”

चांगुणाबाई उठल्या. दोन पावलं पळाल्या, परत आल्या, आणि गुरुजींच्या पायाला हात लावला.

“तुमी अर्ज लिवायला घेतला म्हून भ्यालं बगा त्ये चोर! आता ऱ्हाऊ द्या अर्ज. तुमच्या पुण्याईनं आलं पानी.”

“पाय नका धरू, बाई,” गुरुजी पाय मागं घेत म्हणाले. “पाय नका धरू.”

त्या धावत गेल्या. गुरुजींनी अर्ज सेव्ह न करताच कॉम्प्युटर बंद केला.

बसवंतने पिशवी भरली. मजुरी नको म्हणाला. त्याला तिथून निघायचं होतं. गुरुजी त्याला फाटकापर्यंत सोडायला आले. शाळेत असताना ते कलेक्टरलाही फाटकापर्यंत सोडायला गेले नव्हते.

“येतो सर.”

गुरुजींनी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडं बघत, वर्गात कधी कुणी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाले,

“बसवंत, मोटर फार आवाज करती रे. तेवढं काही करता येतं का?”