येतो

"आजोबा, 'जातो'चं 'येतो' का केलंत? संगणक बंद होताना पडद्यावर 'जातो'च बरोबर आहे," दुरुस्त्या तपासणाऱ्या मुलीनं कळवलं.

कुणीही सुधारावं असं ते मोफत सॉफ्टवेअर, आणि त्यातल्या मराठीत माझी ही पहिलीच दुरुस्ती. मी लिहिलं, "बाळ, आपल्यात निघताना 'जातो' म्हणतात का? आमची ही दवाखान्यात निघताना चुकून 'जाते' म्हणाली. शब्दाची पक्की, परतलीच नाही."

आठवड्यानं दोनच शब्द आले, "घेतलं, आजोबा."

त्या संध्याकाळी संगणक बंद करताना पडद्यावर 'येतो' उमटलं. रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हणालो, "ये हो, वाट बघतो."

थाप वाटेल तुम्हाला, पण सकाळी मी कळ दाबायच्या आधीच तो सुरू झाला. शब्दाला जागला!