नाकावरचे उंट

हातपंप मारून मारून चिनी मजुरांनी विमानाच्या पोटातलं पेट्रोल उपसलं, शेवटचं पिंप भरलं, आणि तेवढ्यात वाऱ्याची खबर आली. परतीच्या वाटेवर, डोंगरांच्या माथ्यावर, समोरून सोसाट्याचा वारा.

कॅप्टन टटलने कागद चुरगळून खिशात कोंबला. "एमिल, परत जायला किती लागेल?"

एमिल व्होंद्राचेक विमानाचा इंजिनिअर. पेट्रोलचा हिशोब त्याच्याकडे.

"आणलं ते सगळं, साहेब. वर इथली चार पिंपं."

"म्हणजे हिमालय ओलांडून आपण चीनमध्ये पेट्रोल द्यायला आलोच नाही. न्यायला आलो."

"तसंच."

"तसंच म्हणतो वर! लाज वाटते का लेका?"

जपानवर बॉम्ब टाकायला इथूनच उडायचं होतं. पण ज्या विमानाने खरगपूरहून आपल्यापुरतं पेट्रोल इथे आणून ठेवलं, तेच जाणार. पहिली मोहीम परवा. हा नियम ज्यांनी केला, त्यांना वारा माहीत होता तो डोक्यावरच्या पंख्याचा.

"येताना तू इंजिनांच्या झडपा सताड उघड्या ठेवल्यास," टटल म्हणाला. "तिथंच सगळं जळलं."

"झडपा मिटून दुसऱ्या विमानातला बेकर आला होता मागच्या आठवड्यात. आला म्हणजे, अर्ध्या वाटेपर्यंत आला."

इंजिनं तापायची. झडपा उघडल्या की ती थंड राहायची, पण विमान वाऱ्याला अडायचं आणि पेट्रोल घटाघटा प्यायचं. मिटल्या की इंजिन पेट घ्यायचं. घाईघाईत कारखान्याबाहेर ढकललेलं विमान. त्यातली भोकं बुजवायला माणसं होतीच.

टटल जवळ सरकला. आवाज खाली आला. "ती चार पिंपं घेऊ नकोस. आपल्यातलंही थोडं राहू दे इथं. वारा पडेल. पडला तर परवा आपणही जाऊ."

"आणि नाही पडला तर?"

"माझा भाऊ जपान्यांच्या कैदेत सडतोय, एमिल. आणि मी इथं रॉकेलवाल्यासारखा फेऱ्या मारतोय."

"मला ठाऊक आहे, साहेब. डोंगराला ठाऊक नाही."

टटलने त्याच्याकडे असं पाहिलं, की आता मारतोच. मग पाठ फिरवली.

एमिल मजुरांच्या मुकादमाकडे गेला. पिंपाकडे बोट केलं, मग विमानाकडे. मुकादमाला वाटलं, गोरा चुकला. त्याने समजावल्यासारखं उलटं बोट केलं: विमानातून पिंपात. एमिलने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा तेच दाखवलं. पिंपातून विमानात.

मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. ही धावपट्टी याच लोकांनी आपली भाताची शेतं बुजवून, दगड हाताने फोडून बांधली होती. तो मागे वळून काहीतरी बोलला. एकजण थुंकला. मग त्यांनी पंपाचा दांडा पुन्हा धरला. उपसताना ते गात होते. आता कुणी गाईना.

शेपटीकडचा बंदूकवाला लुंड रंगाचा डबा घेऊन विमानाच्या नाकापाशी उभा होता. वाटेतल्या डोंगरांना वैमानिक 'कुबड' म्हणायचे, म्हणून पेट्रोलच्या दर खेपेला नाकावर एक उंट काढायचा आणि बॉम्ब टाकून आलं की एक बॉम्ब, अशी इथली रीत. यांच्या नाकावर नुसता तांडा होता. बॉम्ब एकही नव्हता.

"साहेब, आजचा उंट काढू की नको? आपण तर काही आणलंच नाही."

टटलने पंपाच्या नळीकडे पाहिलं. ती फुगून विमानाच्या पोटात शिरली होती.

"काढ," तो म्हणाला. "पण पिंपात तोंड घालून पिताना काढ."