धाकटीचा जिना

या, जवळ सरका; जुळ्या बहिणींची गोष्ट सांगते. थोरली डोंगरात नांदली, धाकटी शहरात. "ताई, वाऱ्यानं उडशील गं!" गुटगुटीत धाकटी काडीसारख्या थोरलीला चिडवायची. उतारवयात दोघींनी हाडं तपासून घेतली. थोरलीची भक्कम निघाली, धाकटीची ठिसूळ. डॉक्टर म्हणाले, "एकाच आईच्या लेकी, पण यांना चढ आणि ऊन मिळालं, तुम्हाला लिफ्ट आणि सावली." "सुनेचे दिवस भरत आलेत. नातवंड उचलू ना?" धाकटीनं विचारलं. "आत्ता नको. औषध घ्या, चाला, हळूहळू वजनाची सवय करा." घरी परतताना तिनं पिठाची पिशवी घेतली, उराशी कवटाळली आणि लिफ्ट सोडून जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. "आण इकडे," थोरली म्हणाली. "आज पीठ मागतेस, उद्या नातवंड मागशील!" धाकटीनं पाऊल उचललं. देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिच्या हाडांसाठीही बळ मागा.