पेटीचा माथा

धाकट्याने चादरीची एक गाठ सोडली आणि दुसरीपाशी त्याचा हात अडखळला. ड्रायव्हर पेटी टेबलावर ठेवून खाली गेला होता. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

चादरीत गिटारच्या ॲम्प्लिफायरची पेटी होती. मिसरूड फुटायच्या वयात दोघा भावांनी तो घरी बनवायला घेतला होता. थोरल्याने फळ्या जोडल्या. धाकट्याने चॅसिस केलं, म्हणजे पत्र्याचा ट्रे, त्यावर काचेचे व्हॉल्व्ह आणि दोन वजनदार ट्रान्सफॉर्मर. चॅसिस पेटीच्या माथ्याला आतून उलटं टांगायचं होतं. धाकटा म्हणाला, वरून आरपार बोल्ट घालू. पण थोरला सुतारकामात नाकावर माशी बसू देत नसे. पेटीच्या माथ्यावर भोक म्हणजे त्याच्या कपाळावर भोक. त्याने आतून आखूड स्क्रू पिळले आणि विषय संपवला.

पहिल्याच कार्यक्रमात, ऐन गाण्यात, स्क्रू लाकडातून निखळले. चॅसिस धाडकन स्पीकरवर आदळलं. लोक पोट धरधरून हसले. घरी पोचेपर्यंत दोघे एकमेकांना नको नको ते बोलून बसले होते. थोरल्याने पेटी उचलली, धाकट्याने चॅसिस. पुढे लग्नं झाली, मुलं झाली, डोकी पिकली. सुखदुःखाला दोघे हजर असत, पण बोलणं सगळं वहिनींमार्फत.

आता थोरला आपलं सुतारकामाचं दुकान बंद करत होता. पेटी भावजींना देऊ का, असं वहिनींनी विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही. तेवढंच धरून वहिनी ती घेऊन आल्या होत्या. थोरला खाली गाडीतच बसला होता. पाय दुखतात, जिना नको, असा त्याचा निरोप होता.

धाकट्याने आपल्या परीने तयारी केली होती. चॅसिस दुरुस्त करून लख्ख पुसलं होतं. काटकोनात वाकवलेल्या जाड लोखंडी पट्ट्या घासून ठेवल्या होत्या. बोटांना फोड आले, पण पट्ट्या मनासारख्या झाल्या. त्या बाजूच्या फळ्यांना आतून बसणार होत्या आणि चॅसिस त्यांच्यावर टेकणार होतं.

"वर भोक पाडायचंच नाही, वहिनी," तो म्हणाला. "दादाचा माथा जसाच्या तसा राहील."

वहिनींनीच पुढे होऊन दुसरी गाठ सोडली.

पेटीच्या माथ्यावर चार भोकं होती. काठ गुळगुळीत, पॉलिश आतपर्यंत पोचलेलं, बोल्टचं डोकं बुडावं म्हणून वरून जरा खोलगट केलेली. धाकट्याने टेप काढला. एकदा पेटीवर लावला, एकदा चॅसिसवर. केसाचाही फरक नव्हता.

"भांडलात त्याच आठवड्यात ह्यांनी पाडली म्हणे," वहिनी म्हणाल्या. "मागायला आला की देईन, म्हणायचे. तुम्ही आलाच नाहीत."

"मी बोलावण्याची वाट बघत होतो."

"सख्खे भाऊ शोभता अगदी."

इतकी वर्षं वाया गेली याचं धाकट्याला फार वाईट वाटलं. त्याने पट्ट्या खणात सारल्या, डब्यातून लांब बोल्ट शोधून काढले आणि खिडकीपाशी गेला. खाली गाडीत थोरला उगाचच चष्मा पुसत बसला होता.

"दादा, वर ये," त्याने हाक मारली. "चॅसिस खालून धरायला कुणीतरी लागतंय. एकट्याने होत नाही."

थोरल्याने वर पाहिलं. चष्मा चढवला. मग गाडीचं दार उघडलं आणि तो जिना चढून आला. पाय दुखत असल्याचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. आल्या आल्या त्याने बाह्या दुमडल्या, पेटीत हात घातले आणि ट्रान्सफॉर्मरचं सगळं वजन तळव्यांवर पेललं.

"पिळ," तो म्हणाला.

पेटी उलटी ठेवली की हे काम एकटा माणूस बसल्या बसल्या करतो, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं.