दोघींची बैठक

भोजराजच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौसष्ट. चुडा भरायला गोंदियाहून कासार आणावा लागला. घरचंच बांगड्यांचं दुकान होतं, पण ते चालवणारा थोरला भाऊ डोमाजी आदल्या वर्षी वारला होता. भोजराजच्या हातून डझनात चार बांगड्या फुटत. डोमाजीची बायको दुर्गाबाई एकही फोडत नसे. पण विधवेच्या हातून लग्नाचा चुडा कोण भरून घेणार?

लग्न आटोपलं तसं भोजराजनं बालाघाटच्या बाजारातलं ते दुकान नव्यानं मांडायला काढलं. समोर काचेची कपाटं, मोठा आरसा, आणि मागे सागाच्या फळ्यांचा आडोसा. आडोशामागे दुर्गाबाईनं बसायचं आणि झरोक्यातून डबे पुढे सरकवायचे. बांगड्या पगारी माणूस भरेल. बिरसा गावाहून फळ्या आल्या. सुखराम सुतार दोरी घेऊन मापाला लागला.

दुर्गाबाई आली ती सरळ दुकानाच्या तोंडाशी, फळ्यांच्या थप्पीवर बसली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मिस्त्री, माप इथून घे. समोर पाटावर बसली तिचं कोपर माह्या गुडघ्यावर टेकलं पाह्यजे. हात ढिला पडला तरच बांगडी चढते."

भोजराजला हसू आलं. वैनी, इथं आडोशाचं माप चाललं आहे, असं तो म्हणाला. आडोसा नको, याच फळ्यांची बैठक होईल, असं तिनं सांगितलं. भोजराजची बायको कमला पदर दातात धरून दारात उभी होती. दुर्गाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"दोघी मावतील एवढी लांब कर. कमलाले मी शिकवीन."

"माह्या घरची बाई बाजारात बसणार नाही," भोजराज म्हणाला. "अन् तुमच्या हातून चुडा भराले येईन कोण?"

"ते माह्यावर सोडा, भाऊजी. मिस्त्री, चालव करवत."

सुखराम घुटमळला. दुर्गाबाईनं फळीचं दुसरं टोक स्वतःच दाबून धरलं, तेव्हा करवत चालली. एकदा कापलेली फळी आडोशाला पुरत नाही.

पंधरा दिवस समोरचा पाट रिकामा राहिला. बाया आरशात तोंड बघत, नाक मुरडत आणि पुढे जात. दुर्गाबाई रोज सकाळी बैठक पुसून बसे.

सोळाव्या दिवशी बौद्ध वस्तीतली रुख्माबाई लेकीला घेऊन आली. लेकीचं लग्न चार दिवसांवर होतं. जुन्या सवयीनं दोघी पायरीखालीच थांबल्या. दुर्गाबाईनं पाट पुढे ओढला आणि वर या म्हणाली. मग आपले रिकामे हात त्यांच्यापुढे धरले. आधीच सांगितलेलं बरं.

रुख्माबाईनं लेकीला पाटावर बसवलं. "शकुन-अपशकुन सोडून आम्हाले आठ वर्षं झाली, बाई. भरा."

पोरीचं कोपर गुडघ्यावर टेकलं. दोन डझन हिरव्या बांगड्या चढल्या. एकही फुटली नाही. रस्त्यावर चार बाया थांबून पाहत होत्या. त्यातली एक आठवड्यानं सुनेला घेऊन आली.

त्या बैठकीवर आता दोघी बसतात. कमलाच्या हातून अजून डझनात एखादी फुटते. गर्दीच्या दिवशी चार रिकामे हात दुसऱ्यांचे हात भरत असतात. भोजराज एकाहत्तरच्या माघात वारला.