होडीचा पत्रा

कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर वेल्डर उत्तरेश्वरांनी उजनीच्या पाण्यात फिरायला ॲल्युमिनियमची होडी बांधायची ठरवली. हडपसरच्या घरामागे जागा होती, हातात कसब होतं, पण पत्रा काही पसंत पडेना. एका मिश्रधातूत तांबं जास्त, तो पाण्यात टिकणार नाही. दुसरा वेल्डिंगच्या सांध्यापाशी मऊ पडणार. मुलाने ऑफिसातल्या इंटरनेटवरून छापून आणलेले तक्ते वाचण्यात वर्ष गेलं.

"अहो, पत्रा निवडताय की सून?" वेणूबाई विचारायच्या.

शेवटी त्यांनी मॅग्नेशियम असलेला ५०८३ नंबरचा पत्रा नक्की केला आणि भवानी पेठेतल्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदवली. दर सोमवारी फोनवर एकच उत्तर यायचं, "अजून आला नाही."

तिसऱ्या महिन्यात ते चिडून थेट दुकानात गेले. आतल्या भिंतीला पत्रे टेकवून ठेवलेले होते आणि त्यांवर खडूने लिहिलं होतं, 'उत्तरेश्वर, हडपसर'.

"हे काय आहे?"

व्यापारी ओशाळला. "काका, माल पहिल्याच आठवड्यात आलाय. काकूंनी फोन करून सांगितलं, इतक्यात देऊ नका."

"होडी नकोय का तिला?"

"तसं नाही. म्हणाल्या, ह्यांच्याबरोबर मीही बसणार आहे. फक्त माझा पोहायचा क्लास संपायला अजून पंधरा दिवस आहेत."